कोझी मिस्टरी वाचताना 'म्हणे' पकडायचं

माझ्या वहिनीने गेल्या पावसाळ्यात माझ्याकडून एक कोझी मिस्टरी वाचायला नेली आणि आठ दिवसांत परत आणून दिली, म्हणाली अगं चाळीस पानं झाली अजून कोणी मेलंच नाही, नुसता चहा पितायत आणि गुलाबाच्या वाफ्यांवरून भांडतायत, आणि नावं इतकी की कोण कुणाची कोण तेच कळेना. तिचं चुकलं नव्हतं. पण ते पुस्तक फार सुंदर आहे आणि ती चहाची चाळीस पानं म्हणजेच जवळजवळ अख्खं पुस्तक आहे, फक्त ती कशी वाचायची हे मी देतानाच सांगायला हवं होतं. मग रविवारी बसून तिला सगळं समजावलं, तेच इथे लिहितेय, जरा लांबेल.

कोझी म्हणजे काय ते आधी पटकन. छोटी जागा, म्हणजे गाव, हॉटेल, बोट, एखादा बंगला, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. खून होतो पण पानावर रक्ताचे पाट वाहत नाहीत, मारहाण नाही, अंगावर येईल असं काही नाही. आणि शोध लावणारी व्यक्ती पोलिसातली नसते, हौशी असते, रिटायर्ड टीचर, बेकरीवाली, लायब्ररीयन, विणकामाच्या दुकानाची मालकीण. सगळ्यात ओळखीची म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, तिची पहिली कादंबरी १९३० साली आली, खेड्यात राहणारी म्हातारी अविवाहित बाई, विणत बसते आणि ऐकत बसते. अमेरिकेतल्या आत्ताच्या कोझींमध्ये बहुतेक वेळा नायिका स्वतःच 'मी' म्हणून गोष्ट सांगते, एक मांजर असतं, आणि पुष्कळदा शेवटी केकची रेसिपी पण देतात. (त्या रेसिपीत ३५० डिग्री लिहिलेलं असेल तर ते फॅरनहाइट असतं बरं का, आपल्या ओव्हनवर साधारण १८० ला ठेवायचं.)

आता मुद्दा. माझी आजी लालबागला चाळीत राहायची. दुपारी गॅलरीत पाट टाकून तांदूळ निवडत बसायची. एकदा जुलैत असाच धो धो पाऊस होता आणि शेजारच्या खोलीतला मोठा मुलगा आईला सांगत होता की आत्ताच आलो पुण्याहून, पहिल्या गाडीने, स्टेशनवरून चालतच आलो. आजी तिथे एक शब्द बोलली नाही. आत आल्यावर मला हळूच म्हणाली, "पुण्याहून आला म्हणे. आणि चपला बघ दारातल्या, कोरड्या ठणठणीत." तो रात्रभर वरच्या मजल्यावर मित्राच्या खोलीत पत्ते खेळत होता हे नंतर कळलं, आजीने ते कधी कुणाला सांगितलं नाही.

कोझी मिस्टरी वाचायची म्हणजे आजीने जे केलं तेच करायचं, ह्यापेक्षा जास्त काही नाही. आपल्या भाषेत 'म्हणे' हा इतका छान शब्द आहे, दोन अक्षरांत सांगून टाकतो की हे मी पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलंय, खरंखोटं देव जाणे. इंग्रजीत असा शब्द दर वेळी वाक्याच्या शेवटी लागतोच असं नाही. तिथे मोलकरीण सांगते मॅडम साडेनऊला झोपायला गेल्या, आणि आपण वाचताना ते खरंच धरून पुढे जातो, मॅडम साडेनऊला झोपल्या. अहो पण ते कुणी सांगितलं? मोलकरणीने. तिने पाहिलं का? नाही, तिला मॅडमच्या भावाने सांगितलं. मग तिथे मनातल्या मनात 'म्हणे' लावायचं. मॅडम साडेनऊला झोपल्या म्हणे. एवढी एक सवय लावून घेतलीत ना की अर्ध्याहून जास्त पुस्तक तुमच्या हातात येतं, कारण ह्या प्रकारातले बरेचसे डाव 'म्हणे' ला खरं मानण्यावर उभे असतात.

पुस्तक कुठलं घ्यायचं. पहिल्यांदा वाचत असाल तर अडीचशे-तीनशे पानांच्या आतलं घ्या, सिरीजमधलं पहिलं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी चालतं कारण प्रत्येक पुस्तकातला खून तिथल्या तिथे संपतो, फक्त नायिकेचं लग्न, दुकान, पोलीस इन्स्पेक्टरबरोबरचं प्रकरण हे पुढे सरकत जातं, आणि कधीकधी नंतरच्या पुस्तकात आधीच्या खुन्याचं नाव सहज बोलता बोलता येऊन जातं, तेवढा धोका असतो. काय घ्यावं सुचत नसेल तर अमेरिकेत १९८९ पासून खास ह्याच प्रकारच्या पुस्तकांना अगाथा अवॉर्ड देतात, बक्षीस म्हणून चहाची किटली मिळते, त्याच्या याद्या बघा. जुनी इंग्लिश पुस्तकं मला मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलला मिळतात, स्वस्त पडतात, पण घेताना एक गोष्ट न चुकता करायची, शेवटचं पान आहे का ते बघायचं. वाचायचं नाही! फक्त पान नंबर बघायचे, मधली पानं सुटलेली नाहीत ना ते. दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं शेवटचं पान नसलं तर माणूस हळहळतो, इथे सगळं वाचलेलं पाण्यात जातं. आणि पहिल्या काही पानांवर पेनाने काही लिहिलंय का ते पण चाळून घ्या, माझ्याकडे एक पुस्तक असं आलं होतं ज्यात कुणीतरी पात्रांच्या यादीत एका नावाभोवती गोल करून ठेवला होता. क्लासिक पुस्तकांच्या नव्या आवृत्तीत प्रस्तावना असते ती शेवटी वाचा, त्यात बरेचदा सगळं सांगून टाकलेलं असतं. मागच्या कव्हरवरचा मजकूर पहिली दोन-तीन वाक्यं वाचली की पुरे.

मराठी अनुवादही मिळतात आणि सुरुवात त्याने केली तरी काही बिघडत नाही, पण एक अडचण लक्षात ठेवा, मला ती फार इंटरेस्टिंग वाटते. इंग्रजीत कझन म्हटलं की झालं, तो का ती, आईकडून का बाबांकडून, काही कळत नाही. आंट म्हणजे मावशी का आत्या का काकू का मामी? लेखक हे मुद्दाम झाकून ठेवू शकतो, कझन येणार आहे एवढंच सांगून शंभर पानं काढू शकतो. मराठीत अनुवाद करणाऱ्याला मात्र पहिल्याच पानावर ठरवावं लागतं, मामेभाऊ लिहू का आतेबहीण, आणि तिथे गुपित फुटायची भीती असते. उलट तुम्ही इंग्रजीत वाचत असाल तर आंट दिसली की लगेच विचारायचं, ही मावशी का काकू, म्हणजे रक्ताची का लग्नाने आलेली, कारण ह्या पुस्तकांत खून बरेचदा इस्टेटीसाठी होतो आणि वारसा कुणाकडे जातो ते ह्यावर ठरू शकतं.

बरं, पुस्तक हातात आलं. एक कागद घ्या, पोस्टकार्डाएवढा, तोच बुकमार्क म्हणून वापरायचा. मोबाइलमध्ये नोट्स नका काढू, मोबाइल हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं. मी मुलुंडहून सीएसएमटीला स्लो लोकलने जाते, चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकण्यापुरती जागा, मिळाली तरी एका हातात पुस्तक आणि अंगठ्याखाली तो कागद एवढं जमतं. कागदावर प्रत्येक माणसाचं नाव लिहायचं, आणि नावापुढे तो कोण आहे ह्याच्यापेक्षा त्याला काय हवंय ते लिहायचं. डॉक्टर, ह्याला मोठं घर हवंय. पुतणी, हिला लंडनला जायचंय. पोस्टातली बाई, हिला सगळ्यांनी आपल्याला विचारावं असं वाटतं. पहिल्या चाळीस पानांत लेखक तुम्हाला हेच देत असतो, कुणाला काय हवंय आणि कुणाच्या वाटेत कोण आहे, आणि ते गुलाबाच्या वाफ्यांवरच्या भांडणातून देतो म्हणून आपल्याला वाटतं काही घडतच नाहीये. जो माणूस मरणार असतो तो बहुतेक वेळा थोडा खडूस, पैसेवाला, सगळ्यांना टोचून बोलणारा असतो, म्हणजे वाचणाऱ्याला रडू येऊ नये आणि संशयित भरपूर मिळावेत. चहाच्या टेबलावर सगळे ज्याच्याशी जरा जपून बोलतायत असा कोणी दिसला की ओळखायचं.

नावांचा गोंधळ होतो त्यावर उपाय म्हणजे टोपणनावं आधी माहिती करून घेणं. पेगी म्हणजे मार्गारेट, मॅगी म्हणजे पण मार्गारेट, आणि डेझी सुद्धा मार्गारेटच असू शकते. बिल म्हणजे विल्यम, जॅक म्हणजे जॉन, डिक म्हणजे रिचर्ड. जुन्या पत्रात जॅक लिहिलेलं असतं आणि घरात कोणी जॅक नसतो, पण जॉन असतो. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेली आत्या पाळण्यातल्या नावाने सही करते तसंच ते.

खून झाला की वाचायचा वेग बदला. इथे सगळेजण फास्ट वाचायला लागतात आणि मला वाटतं तिथेच चुकतं. आता एकेकाचे जबाब येणार, पोलिसांसमोर एक आणि आपल्या नायिकेसमोर चहा पिताना दुसरा, आणि ह्या दोन्हींतला फरक हाच खरा माल असतो. पोलिसाला लोक मोजून बोलतात. म्हाताऱ्या बाईसमोर कोणी मोजत नाही, तिला कोण विचारतो म्हणून सगळं बोलून टाकतात. त्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली असेल तर दोन्ही पानांचे नंबर कागदावर लिहून ठेवा आणि घरी गेल्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचा. एखादा शब्द बदललेला असतो. आधी 'आवाज ऐकला' होतं, आता 'त्यांचा आवाज ऐकला' झालं. आधी दार बंद होतं, आता दाराला कडी होती. दोन्ही वेळा अगदी शब्दाला शब्द तेच असेल तर त्यावर पण खूण करा, पाठ केल्यासारखं कोण बोलतं ते माहितीये आपल्याला. आणि प्लीज जबाब अर्धा सोडून घाटकोपरला उतरू नका म्हणजे जबाबाचा चॅप्टर एका बैठकीत संपेल असाच सुरू करा, मी तर परळ गेलं की नवा जबाब उघडतच नाही.

मग वेळापत्रक. कागदाच्या मागच्या बाजूला उभी रेघ मारा आणि वेळा लिहा, सहा, साडेसहा, सात. कोण कुठे होतं ते लिहा, आणि प्रत्येकासमोर दोन खुणांपैकी एक, पाहिलं असेल तर टिक, सांगितलं असेल तर 'म्ह'. कितीजणांना टिक मिळते ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल, खरंच फार कमी जणांना मिळते. मेलेला माणूस आठ वाजता जिवंत होता हे पण बहुतेक वेळा 'म्ह' च असतं. फोनवर आवाज ऐकला म्हणजे पाहिलं नाही. दाराआडून 'मला त्रास देऊ नका' असं कोणीतरी बोललं म्हणजे पाहिलं नाही. खिडकीत टोपी आणि पाठ दिसली, तेही पाहिलं नाही, टोपी पाहिली.

इंग्लंडमधली पुस्तकं मुंबईत बसून वाचताना काही गोष्टी माहीत नसल्या तर हातात आलेला क्लू निसटतो, त्या सांगते, ह्या मला हळूहळू कळल्या आणि प्रत्येक वेळी एखादं जुनं पुस्तक परत उघडून बघावंसं वाटलं.

उजेड. आपल्याकडे हिवाळ्यात साधारण साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेसात-पावणेआठला अंधार पडतो, तास-सव्वा तासापेक्षा जास्त फरक नाही. तिकडे जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच. म्हणजे जूनमध्ये माळी म्हणाला की रात्री साडेआठला बागेत बाईंना स्पष्ट पाहिलं तर तो खरं बोलत असू शकतो, आणि डिसेंबरमध्ये कोणी म्हणालं की साडेचारला समोरच्या टेकडीवर लाल कोट ओळखला, तर तिथे थांबायचं. त्यामुळे चॅप्टरच्या सुरुवातीचा महिना कधी सोडायचा नाही, हवापाण्याचं वर्णन वाटतं ते, पण ते घड्याळ असतं.

मजला. ब्रिटिश पुस्तकात फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला पहिला मजला, जिना चढून. अमेरिकन पुस्तकात फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला! कोणी फर्स्ट फ्लोअरच्या खिडकीतून उडी मारून पळाला असेल तर पाय मोडला पाहिजे का नाही हे पुस्तक कुठल्या देशातलं आहे त्यावर आहे.

जेवण. हे तर फारच महत्त्वाचं. जुन्या इंग्लंडमध्ये बंगल्यातल्या लोकांचं डिनर रात्री आठला, पण कामकरी माणसं दुपारच्या जेवणाला डिनर म्हणायची. मालकीणबाईंनी 'डिनरनंतर' म्हटलं तर रात्र, स्वयंपाकिणीने म्हटलं तर दुपार असू शकते. जबाब देणारी कोण आहे त्याप्रमाणे वेळापत्रकात लिहायचं.

मृत्युपत्र. इंग्लंडच्या कायद्यात लग्न केलं की आधी केलेलं मृत्युपत्र साधारणपणे रद्द होतं, १८३७ च्या कायद्यातलं आहे हे. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हे लागू नाही, म्हणून आपल्या डोक्यातच येत नाही. पण पुस्तकात साठीच्या श्रीमंत गृहस्थाने गुपचूप लग्न केल्याचं निघालं की पुतण्याच्या नावाचं जुनं मृत्युपत्र गेलं, म्हणजे पुतण्याकडे एकतर खुनाचं कारण उरलं नाही किंवा त्याला लग्नाचं माहीतच नव्हतं आणि त्याने उगीचच खून केला, दोन्ही शक्यता कागदावर लिहा. दुसरं म्हणजे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून ज्याने सही केली त्याला तिकडे त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला पण नाही. म्हणून घाईघाईने स्वयंपाकीण आणि माळी यांना आत बोलावून सह्या घेतल्या असं एका ओळीत आलं, तर त्या ओळीने दोन माणसांचं कारण खोडलेलं असतं आणि आपण ती ओळ चहाच्या ट्रेबरोबर विसरतो.

इन्क्वेस्ट नावाचा एक सीन येतो, त्याला कोर्ट समजू नका, तिथे शिक्षा होत नाही. कॉरोनर म्हणून अधिकारी असतो तो फक्त माणूस कसा मेला ते ठरवतो, जुन्या पुस्तकांत ज्युरी बसते आणि अज्ञात व्यक्तीने केलेला खून असं सांगून सगळे घरी जातात. आपल्या मुंबईत पण कॉरोनर होता, १९९९ मध्ये ते पद बंद झालं. हा सीन बोअर वाटतो पण डॉक्टरने सांगितलेली मरणाची वेळ बरेचदा इथेच पहिल्यांदा नीट येते, आणि डॉक्टर 'साधारण' म्हणतो का नक्की म्हणतो ते बघा.

विषांबद्दल जास्त घाबरायचं नाही. जुन्या पुस्तकांत घरातल्याच वस्तूंमधून विष येतं, तण मारायच्या औषधात आर्सेनिक असायचं, माशा मारायच्या कागदात असायचं, आणि बागेतल्या फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडात हृदयावर परिणाम करणारं द्रव्य असतं ज्याच्यापासून औषधही होतं. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत काम केलं होतं, औषधं मोजून द्यायचं, त्यामुळे तिच्या पुस्तकांत विष किती वेळात चढतं हे उगाच लिहिलेलं नसतं, ते वेळापत्रकात टाका. पोटात दुखायला लागलं रात्री बाराला, तर विष कधी दिलं? जेवणात, का झोपताना घेतलेल्या कोकोत? आणि कोको कुणी वर नेला? नेला म्हणे, का नेताना पाहिला?

आता हूल. लेखक तुम्हाला चुकीच्या माणसाकडे पळवतो त्याला इंग्रजीत रेड हेरिंग म्हणतात, मी मराठीत हूलच म्हणते, कबड्डीत रेडर एका बाजूला झेपावल्यासारखं करतो आणि दुसऱ्या बाजूचा गडी मारून जातो तशी. हूल ओळखायची खूण म्हणजे ती आवाज करते. रात्री बागेत फिरणारा अनोळखी माणूस, जळालेलं पत्र, भांडणात दिलेली धमकी, रक्ताचा डाग, हे सगळं चॅप्टरच्या शेवटच्या ओळीत येतं, आपण दचकतो. ह्या गोष्टींना पण खरं उत्तर असतं, म्हणजे तो बागेतला माणूस प्रेमप्रकरणासाठी येत असतो किंवा कोणी चोरून दारू पीत असतं, प्रत्येकजण काहीतरी लपवतोय पण प्रत्येकजण खून लपवत नाहीये. हे मला ह्या पुस्तकांत मनापासून आवडतं, आपल्या सोसायटीत पण असंच असतं ना, कुणाचं कर्ज, कुणाचा पहिला घटस्फोट, कुणाच्या मुलाची नोकरी गेलेली, लपवणारा माणूस लगेच वाईट ठरत नाही. तर कागदावर नावापुढे 'काय लपवतोय' असा अजून एक रकाना करा. ज्याचं लपवणं उघड झालं त्याच्यावरचा संशय बहुतेक कमी होतो, आणि शेवटी ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही, जो पहिल्यापासून मदत करतोय, त्याच्याकडे नीट बघायचं.

खरा क्लू मात्र आवाज करत नाही. तो यादीत लपतो, टेबलावर चष्मा, दोन पेनं, चुरगळलेला रुमाल, वर्तमानपत्र आणि पाण्याचा ग्लास होता, ह्यातलं काय असायला नको होतं किंवा काय असायला हवं होतं आणि नाहीये? कोरड्या चपला! तो मोठ्या घटनेच्या बरोबर आधीच्या वाक्यात लपतो, कारण पुढच्या वाक्यात किंचाळी येते आणि आपण आधीचं विसरतो. आणि तो अशा माणसाच्या तोंडी येतो ज्याचं कोणी ऐकत नाही, लहान मूल, बहिरे आजोबा, सतत बडबडणारी शेजारीण. बडबडणारी शेजारीण आली की मी पेन्सिल काढते, तिच्या दोन पानी बोलण्यात एक ओळ हमखास कामाची असते आणि तिला स्वतःला ती माहीत नसते.

नायिका स्वतः 'मी' म्हणून सांगत असेल तर तिच्या निष्कर्षांना पण 'म्हणे' लावा. तिने पाहिलेलं खरं, पण तिला वाटलेलं खरंच असेल असं नाही, ती पण चुकते, बहुतेक पुस्तकांत ती एकदा साफ चुकीच्या माणसावर आरोप करते आणि गावभर शरमिंदी होते. तो प्रसंग मला कायम वाईट वाटून जातो पण तो वाचल्यावर एक नाव खोडता येतं.

आणि मग ती जागा येते. साधारण पाऊण पुस्तक उलटून गेल्यावर नायिका विणता विणता थांबते, किंवा पीठ मळताना हात थांबतो, काहीतरी बघते आणि तिच्या लक्षात येतं, पण लेखक आपल्याला सांगत नाही काय ते. इथे पुस्तक बंद करायचं. कितीही वाटलं तरी. हीच खूण असते की आता तुमच्याकडे पण सगळं आलेलं आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्लंडमधले धर्मगुरू होते, स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये असल्या कथांचे दहा नियम लिहिले, त्यात खुनी गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला हवा, शोधणाऱ्याला सापडलेला क्लू वाचकापासून लपवायचा नाही, कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, आणि आधी सूचना दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायचा नाही असं सगळं आहे. सगळे लेखक ते पाळतात असं नाही पण चांगला लेखक वाचकाशी लबाडी करत नाही हे अजूनही धरलं जातं. म्हणून पुस्तक बंद करा, कागद काढा, आणि तीन गोष्टी लिहा, कुणी, कसं, का. फक्त नाव नको लिहू, नाव तर कोणीही ठोकून देतं, 'कसं' लिहिताना खरा कस लागतो. एक रात्र जाऊ द्या मधे. भाजी चिरताना, नळाखाली डबे घासताना अचानक सुचतं, माझ्या बाबतीत बरेचदा झालंय.

मग शेवट वाचा, एका दमात. उत्तर बरोबर आलं तर आनंदच, पण चुकलं तर पुस्तक लगेच ठेवून देऊ नका. खुनी पहिल्यांदा पानावर येतो तो सीन परत उघडा आणि परत वाचा, आता माहीत असताना. तो काय बोलला, कुठे बघत होता, कुणाच्या कपात साखर घातली. दहा मिनिटांचं काम आहे. तिथे ते सगळं समोर ठेवलेलं असतं आणि आपण गुलाबाच्या वाफ्यांकडे बघत होतो. आणि समजा परत वाचून पण काहीच सापडलं नाही, शेवटी कुठलातरी नवाच पुरावा बाहेर काढलाय, तर लेखकाने फसवलंय आपल्याला, त्याचं दुसरं पुस्तक मी विकत घेत नाही.

वहिनीने तेच पुस्तक दिवाळीनंतर परत नेलं. ह्या वेळी कागद घेऊन. एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला, ती थांबायची जागा आलीये असं वाटतंय पण नक्की तीच का, नायिका बटण शिवता शिवता थांबलीये, मी म्हटलं हो वहिनी तीच, बंद करा आता. तिने दादाला विचारून विचारून अख्खी रात्र काढली म्हणे. दुसऱ्या दिवशी तिचं 'कुणी' चुकलं, पण 'कसं' अगदी बरोबर निघालं, कोकोचा कप कधी बदलला ते तिने मिनिटासकट लिहिलं होतं. आता तो कागद तिने चार घड्या घालून, स्टेपल मारून शेवटच्या पानाला लावून ठेवलाय आणि पुस्तक तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला दिलंय, सांगून की आधी तुझा कागद लिही, मग माझा फोड.